रात्र कुणाच्या नावावर?

हॉटेलच्या बिलावर दोन नावं असतात. एक पैसे भरणाऱ्या कंपनीचं, जीएसटी नंबरासकट. दुसरं त्या खोलीत झोपलेल्या माणसाचं. अंबड-सातपूरहून होसूरला, साणंदला, पिथमपूरला मशीन बसवायला जाणारे सर्व्हिस इंजिनिअर, औषध कंपन्यांचे एरिया मॅनेजर, द्राक्षांच्या हंगामात बंदर आणि पॅकहाउस यांच्यामध्ये फिरणारे निर्यातदारांचे प्रतिनिधी, अशी वर्षाला पन्नास-साठ रात्री घराबाहेर काढणारी माणसं नाशिकच्या प्रत्येक कॉलनीत सापडतात. त्या रात्रींचं भाडं कंपनी देते. मुलाचं गॅदरिंग, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, गौरीजेवण, हे सगळं मात्र झोपणाऱ्याचं चुकतं. हॉटेलांच्या लॉयल्टी प्रोग्रॅमबद्दल, म्हणजे सभासदाच्या रात्री मोजून त्याला पॉइंट आणि रात्री वाढतील तसा वरचा दर्जा व सवलती देणाऱ्या योजनांबद्दल, मला जी आस्था आहे ती यासाठी, की तिथल्या हिशेबात रात्र झोपणाऱ्याच्या नावावर चढते.

विमान कंपन्यांत अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये अशी योजना आणली, आणि दोनच वर्षांत, १९८३ मध्ये, हॉलिडे इन आणि मॅरियटने तीच कल्पना खोल्यांना लावली. आज नाशिकमध्येच पाहिलं तर मुंबई नाक्याला कोर्टयार्ड आहे, म्हणजे मॅरियट साखळीचं. इंदिरानगरला हॉलिडे इन एक्सप्रेस, म्हणजे आयएचजी. त्र्यंबक रोडला आयबिस, म्हणजे अ‍ॅकॉर. अंबडला गेटवे, म्हणजे टाटांची आयएचसीएल. शिवाय रॅडिसन ब्लू. यांतल्या प्रत्येकाचं सभासदत्व फुकट आहे, दहा मिनिटांत फोनवर मिळतं. तरीही नेहमी फिरणाऱ्यांच्या बहुतेक रात्री कुणाच्याच खात्यावर जात नाहीत. त्या बुकिंगच्या वेळीच हातातून जातात.

सगळ्यात मोठी गळती बुकिंग कुठून केलं इथे होते. मोठ्या साखळ्यांचा नियम जवळपास एकच आहे: हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाइटवरून, अ‍ॅपवरून, फोनवरून किंवा कंपनीच्या ठरलेल्या कॉर्पोरेट रेटवर केलेलं बुकिंग चालतं. बाहेरच्या बुकिंग अ‍ॅपवरून किंवा एजंटाने घाऊक घेऊन विकलेली खोली असेल, तर पॉइंट नाहीत आणि रात्रही मोजली जात नाही. कारण सरळ आहे. बाहेरच्या अ‍ॅपला हॉटेल कमिशन देतं, आणि लॉयल्टी प्रोग्रॅम उभा केला तोच ते कमिशन वाचवण्यासाठी. अ‍ॅपवर दोनशे रुपये कमी दिसतात म्हणून खोली तिथून घ्यायची आणि रिसेप्शनवर सभासद क्रमांक पुढे करायचा, याचा उपयोग होत नाही. समोरचा मुलगा क्रमांक टाकतोही, पण ते बुकिंग पात्रच नसल्यामुळे खात्यावर काही येत नाही. आधी साखळीच्या वेबसाइटवर सभासदाचा रेट पाहावा. लॉग-इन केल्यावर तो थोडा खाली येतो आणि बरेचदा ते दोनशे रुपये तिथेच भरून निघतात.

कंपनीचा ट्रॅव्हल डेस्क बुकिंग करत असेल तर विचारायचे प्रश्न दोनच. हा कॉर्पोरेट रेट हॉटेलशी थेट ठरलेला आहे की एजंटाचा पॅकेज रेट आहे? आणि बुकिंग करतानाच माझा क्रमांक टाकता येईल का? बिल टू कंपनी असेल, म्हणजे तुम्ही फक्त सही करून निघता आणि बिल परस्पर ऑफिसला जातं, तर काही हॉटेलांत पॉइंट अडकतात. सगळ्या खोल्या एका मास्टर बिलावर गेल्या तर हमखास अडकतात. अशा ठिकाणी चेक-इनच्या वेळीच सांगून ठेवायचं, की खोलीचं बिल माझ्या नावाने वेगळं निघू दे.

दुसरी गळती नावाची. आधारवर वडिलांच्या नावासह तीन शब्द, सभासदत्वावर दोन, बुकिंगवर आडनाव आधी. मशीनला ही तीन वेगळी माणसं वाटतात. पासपोर्टवर जसं आहे तसंच नाव सगळीकडे ठेवावं. त्याहून जास्त घोळ होतो तो जास्तीच्या खात्यांमुळे. रिसेप्शनवर मोबाइल नंबर विचारतात, तुम्ही त्या दिवशी ऑफिसचा नंबर देता, आणि नवा सभासद म्हणून तुमचं दुसरं खातं उघडलं जातं. वर्षअखेरीला एका खात्यावर अकरा रात्री, दुसऱ्यावर सोळा, आणि दर्जा दोन्हीकडे खालचाच. कस्टमर केअरला लिहिलं की खाती एकत्र करून देतात, पण ते वर्ष संपायच्या आत करावं. खातं नेहमी स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या नंबरावर हवं. नोकरी बदलली की ऑफिसचा ईमेल त्याच दिवशी बंद होतो, आणि त्या पत्त्यावर अडकलेलं खातं सोडवताना ओळखपत्रं आणि जुनी बिलं पाठवत बसावं लागतं.

खर्च वाचवायला दोन इंजिनिअर एका ट्विन रूममध्ये राहतात. तिथे पॉइंट आणि रात्र एकालाच मिळतात, वाटून मिळत नाहीत. जोडीने फिरणाऱ्यांनी एक टूर याच्या नावाने, पुढची त्याच्या नावाने, असं आधीच ठरवावं. बहुतेक वेळा सीनियरचं नाव आपोआप लागतं आणि ज्युनिअरच्या वर्षभराच्या रात्री कुठेच लागत नाहीत. याकडे सीनियरनेच लक्ष द्यायला हवं.

बिल हातात आल्यावर सभासद क्रमांक छापला आहे ना, एवढं पाहावं आणि त्याची पीडीएफ ठेवावी. दहा-बारा दिवसांत पॉइंट दिसले नाहीत तर साखळीच्या वेबसाइटवर खात्यावर न चढलेल्या मुक्कामाची मागणी करायची सोय असते. तारीख, हॉटेल आणि बिल जोडलं की पात्र मुक्काम खात्यावर चढतो. ती पीडीएफ टीए-डीएच्या फाइलमध्ये ऑफिसला गेली आणि स्वतःकडे प्रत नाही, म्हणून पुष्कळ मागण्या वाया जातात.

आता मिळतं काय? जाहिरातीत अपग्रेड आणि लाउंज पुढे असतात. कामासाठी फिरणाऱ्याच्या दृष्टीने माझा क्रम वेगळा आहे. पहिला नंबर उशिरा चेक-आउटचा.

दुपारी बाराला खोली सोडायची, काम दीड-दोनला संपणार, परतीची गाडी रात्री आठची. मधले सहा तास लॉबीतल्या सोफ्यावर किंवा कारखान्याच्या सिक्युरिटी केबिनमध्ये, अंगावर ऑइलचे डाग पडलेले कपडे. मॅरियटमध्ये गोल्ड दर्जाला खोली शिल्लक असेल तर दुपारी दोनपर्यंत आणि प्लॅटिनमला चारपर्यंत थांबता येतं. रिसॉर्ट आणि कन्व्हेन्शन हॉटेलांत प्लॅटिनमलाही शिल्लक पाहूनच. कामावरून परत येऊन अंघोळ, धुतलेला शर्ट आणि तासभर पाठ टेकणं, याची किंमत कुठल्याही पॉइंटात बसत नाही. हे मागायची वेळ मात्र महत्त्वाची. हाउसकीपिंगची त्या दिवशी कुठल्या खोल्या रिकाम्या होणार ही यादी सकाळी लवकर ठरते. चेक-इनलाच नोंद करून घ्यावी आणि शेवटच्या दिवशी कामावर निघताना पुन्हा आठवण द्यावी. अकराला फोन केला तर तोवर तुमची खोली दुसऱ्याच्या नावावर लागलेली असते.

लवकर चेक-इनचं काय? नाशिकहून अहमदाबाद, इंदूर, हैदराबादला निघणारा माणूस रात्रीच्या स्लीपर बसने जातो आणि पहाटे साडेपाचला उतरतो. खोली मिळायची अधिकृत वेळ दुपारी दोन किंवा तीन. या माणसाला सगळ्यात जास्त गरज पहाटेच्या खोलीची, आणि नेमकी तीच सवलत मोठ्या प्रोग्रॅममध्ये हक्काची म्हणून सहसा लिहिलेली नसते. रिकामी असेल तर देतात. आदल्या संध्याकाळी सातनंतर हॉटेलला थेट फोन करून विचारावं, कारण रात्रीच्या खोल्यांचा अंदाज तोवर आलेला असतो. खोली नसेल तर बॅग ठेवून अंघोळीपुरती जिम किंवा पूलजवळची चेंजिंग रूम मागावी. दर्जा असलेल्या सभासदाला नाही म्हणताना रिसेप्शन थोडा जास्त विचार करतं. इथे उपयोग होतो तो एवढाच, पण होतो.

दुसरा नंबर नाश्त्याचा, आणि इथे गल्लत फार. आपल्याकडे रेट ईपी, सीपी, एमएपी असे येतात. ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता, एमएपी म्हणजे त्यात आणखी एक जेवण. कंपनीचा रेट सीपी असेल तर दर्जामुळे मिळणाऱ्या नाश्त्याची तुमच्या लेखी किंमत शून्य. हॉलिडे इन एक्सप्रेसमध्ये नाश्ता सगळ्यांनाच भाड्यात धरलेला असतो, तिथे कुठल्याही दर्जाने फरक पडत नाही. रेट ईपी असेल तेव्हाच हा हक्क मोलाचा. मॅरियटमध्ये गोल्डला नाश्ता नाही, बहुतेक ब्रँडमध्ये तो प्लॅटिनमपासून सुरू होतो. हिल्टनमध्ये अमेरिकेबाहेर गोल्डलाच मिळतो. ट्रॅव्हल डेस्कने सीपीऐवजी ईपी घेतला तर कंपनीचे पैसे वाचतात आणि दर्जा असलेल्याचा नाश्ता तरीही होतो. पण त्याच टूरवरच्या, दर्जा नसलेल्या सहकाऱ्याच्या पोटावर ते येऊ नये.

अपग्रेडबद्दल थोडक्यात. एका रात्रीसाठी आलेल्या एकट्या माणसाला मोठी खोली मिळाली काय, न मिळाली काय. त्याऐवजी लिफ्टपासून लांब, वरच्या मजल्यावरची, बँक्वेट हॉलच्या डोक्यावर नसलेली खोली मागावी. लग्नसराईत हे फार महत्त्वाचं. ही पसंती प्रोफाइलमध्ये एकदाच भरून ठेवता येते.

पॉइंटांचा हिशेब प्रत्येकाने एकदा कागदावर करावा. भाडं ६,००० रुपये धरू. मॅरियटच्या बहुतेक ब्रँडमध्ये एका डॉलरच्या खर्चाला १० पॉइंट मिळतात, कराची रक्कम धरत नाहीत. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर सुमारे ७०० पॉइंट झाले. सिल्व्हरला त्यावर १० टक्के जास्त, गोल्डला २५, प्लॅटिनमला ५०. आता खर्चाची बाजू. तीच खोली ५ टक्के करासह ६,३०० रुपयांना पडते आणि पॉइंटवर ९,००० मागते, तर एक पॉइंट ७० पैशांचा. १५,००० मागत असेल तर ४२ पैशांचा. म्हणजे त्याच ७०० पॉइंटांचे एकदा ४९० रुपये झाले आणि एकदा २९४. मॅरियटने २०२२ पासून ठरावीक तक्ता काढून टाकला, आता पॉइंटचा दर मागणीनुसार हलतो. खालचा एक आकडा मनाशी ठरवावा, समजा ५५ पैसे, आणि त्याखाली पॉइंट खर्च न करता रोख भरावं. अ‍ॅकॉरमध्ये ही कटकट नाही, २,००० पॉइंट म्हणजे ४० युरो बिलातून कमी. टाटांकडे पॉइंटांऐवजी न्यूकॉइन असतात, एक न्यूकॉइन म्हणजे एक रुपया. ज्यांना गणित नको त्यांना हे दोन सोपे पडतात.

कराची एक खाच सांगायला हवी. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावर गेलं की १८ टक्के. ७,४०० ची खोली ७,७७० ला पडते, ७,६०० ची पडते ८,९६८ ला. पॉइंट दुप्पट मिळण्याची ऑफर पाहून या रेषेपलीकडे पाऊल टाकलं तर ऑफरचा मोठा भाग करातच जातो.

दर्जाची शिडी अशी आहे. मॅरियटमध्ये वर्षाला १० रात्रींना सिल्व्हर, २५ ला गोल्ड, ५० ला प्लॅटिनम, ७५ ला टायटेनियम. आयएचजीमध्ये १०, २०, ४० आणि ७० ला सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड. यातून एकच गोष्ट निघते, जी मला सगळ्यांना कळकळीने सांगावीशी वाटते: रात्री विखरू नका. वर्षाच्या साठ रात्री पाच साखळ्यांत बारा-बारा पडल्या, तर पाच ठिकाणी जेमतेम पहिली पायरी. त्याच साठ एका ठिकाणी पडल्या, तर मॅरियटसारख्या ठिकाणी दुपारी चारपर्यंत खोली आणि रोजचा नाश्ता.

कुठली साखळी, हे नाशिकमध्ये बसून ठरत नाही. आपल्या गावात आपण हॉटेलात राहत नाही. मागच्या वर्षाच्या टूरची यादी काढावी, शेवटची तीस-चाळीस गावं लिहावीत, आणि साइटपासून आठ-दहा किलोमीटरच्या आत कुणाचं हॉटेल आहे ते नकाशावर पाहावं. ज्याचं नाव सर्वांत जास्त वेळा येईल ती तुमची साखळी, मग लाउंजचे फोटो कुणाचेही सुंदर असोत. आणि जिथे कुणाचंच हॉटेल जवळ नाही, तिथे साइटशेजारचं साधं, स्वच्छ, गरम पाणी देणारं हॉटेल घ्यावं. एका रात्रीच्या हिशेबासाठी संध्याकाळच्या कंटेनरच्या रांगेतून पंचवीस किलोमीटर जायचं आणि सकाळी तेच परत, हा सौदा तोट्याचा आहे. सुटणारा दीड तास झोपेचा असतो.

मॅरियटमध्ये एका वर्षात मिळवलेला दर्जा ते वर्ष, पुढचं पूर्ण वर्ष आणि त्याच्या पुढच्या फेब्रुवारीअखेरपर्यंत टिकतो. म्हणून दिवाळीनंतर एकदा आकडा पाहावा. ४४ रात्री झाल्या असतील तर डिसेंबरच्या टूर विचारपूर्वक लावाव्यात. ३१ झाल्या असतील तर ओढाताण करू नये. एचडीएफसी बँकेच्या मॅरियट कार्डासोबत सिल्व्हर दर्जा आणि १० रात्री खात्यावर मिळतात, त्यामुळे चाळीस रात्रीवाल्याला प्लॅटिनम गाठता येतं. कार्डाच्या अटी बदलत राहतात, फी भरण्याआधी त्या वर्षीच्या वाचाव्यात. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. मॅरियटमध्ये आयुष्यभराच्या रात्रीही मोजल्या जातात: ४०० रात्री आणि सात वर्षं गोल्ड दर्जा, तर कायमचा गोल्ड. ६०० रात्री आणि दहा वर्षं प्लॅटिनम, तर कायमचा प्लॅटिनम. निवृत्तीनंतर बायकोबरोबर फिरायला निघालेल्या माणसाला हे मिळतं, आणि तेव्हा मागे कुठली कंपनी उभी असायची गरज नसते.

पॉइंट साठवून मात्र ठेवू नयेत. मॅरियट आणि हिल्टनमध्ये २४ महिने काहीच हालचाल नसेल तर ते जातात. आयएचजीमध्ये दर्जा नसलेल्यांचे १२ महिन्यांत. खातं जिवंत ठेवायला मुक्कामच लागतो असंही नाही. मॅरियटच्या सहभागी हॉटेलांत नुसतं जेवलं तरी पॉइंट मिळतात आणि सभासदाला जेवणाच्या बिलात सूट मिळते. वाढदिवसाचं जेवण गावातल्याच हॉटेलात असेल तर बिल छापायच्या आधी क्रमांक सांगायचा. इथे एक फरक लक्षात ठेवावा. फोन करून काही हजार रुपयांना विकली जाणारी क्लब मॅरियट, ताज एपिक्युअर ही पैसे भरून घ्यायची वेगळी सभासदत्वं आहेत, मुख्यतः जेवणाच्या सवलतीची. महिन्यातून दोनदा बाहेर जेवणाऱ्या कुटुंबाला ती परवडतात, टूरवर फिरणाऱ्याला त्यांची गरज नाही. लग्नाची व्यवस्था पाहणाऱ्यांनी एवढं करावं: खोल्या आणि हॉल मोठ्या साखळीत घेणार असाल तर आयोजकाला मिळणारे पॉइंट करारात लिहून घ्यावेत, सही करण्याआधी. नंतर मागितले तर सहसा मिळत नाहीत.

पॉइंट खर्च करण्याची उत्तम जागा म्हणजे रोख भाडं चढतं त्या रात्री आणि घरच्यांसाठीच्या रात्री. नाशिककरांपुढे तर सिंहस्थ आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमृतस्नानं. बाहेरगावचे नातेवाईक आत्तापासून विचारतायत, आणि घरात सगळ्यांना जागा पुरणार नाही. पॉइंटवरची खोली साधारण वर्षभर आधी खुली होते. साध्या वर्गाची खोली विकायला असेल तोवर ती पॉइंटवरही मिळायला हवी, पण गर्दीच्या तारखांना हॉटेलं साध्या खोल्याच कमी दाखवतात, म्हणून उघडल्या दिवशी पाहावं. पॉइंटचा आकडाही त्या दिवशी फुगलेला असेल. वरचं पैशांचं गणित तेव्हाही करायचं, कारण रोख भाडं त्याहून जास्त फुगलेलं असू शकतं. रद्द करण्याची मुदत बुकिंगच्या पानावरच टिपून ठेवावी, सणाच्या तारखांना ती नेहमीपेक्षा आधी संपते. आई-वडिलांसाठी किंवा मामासाठी खोली घ्यायची असेल तर ती त्यांच्या नावाने करून घ्यावी, नाहीतर दारात ओळखपत्र जुळत नाही. तुमचा दर्जा त्यांच्याबरोबर जात नाही, म्हणून नाश्ता धरलाय का हे आधी विचारावं. मॅरियटमध्ये पॉइंटवरच्या सलग पाच रात्रींना चारचेच पॉइंट लागतात. तिरुपती किंवा केरळला आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्याला याचा मोठा आधार होतो.

राहिलं एक काम, आणि ते झोपणाऱ्याच्या हातात नाही. अंबडच्या, सिन्नरच्या, गोंदेच्या कारखान्यांतल्या एचआरवाल्यांना आणि ट्रॅव्हल डेस्कला माझी विनंती आहे. टूर पॉलिसीत दोन ओळी घाला: 'बुकिंग करताना कर्मचाऱ्याने दिलेला हॉटेल सभासद क्रमांक नोंदवला जाईल. मिळणारे पॉइंट आणि दर्जा कर्मचाऱ्याचे राहतील.' ठरलेल्या कॉर्पोरेट रेटवर याचा एक रुपयाही खर्च वाढत नाही. टूरच्या फॉर्ममध्ये पॅन आणि बँक खात्याच्या खाली एक रकाना वाढवायचा, आणि नवीन मुलगा पहिल्या टूरवर निघायच्या आदल्या दिवशी त्याच्याकडून तो भरून घ्यायचा.